साताऱ्यातल्या पेट्रोल पंपांवरची हवा: कुठे भरावी, कधी भरावी, काय बघावं

पेट्रोल भरून झालं की गाडी कोपऱ्यातल्या हवेच्या मशीनकडे वळते. तिथला पोरगा विचारतो, "किती मारू?" आणि काचेतून उत्तर जातं, "मार पस्तीस." साताऱ्यातल्या पंपांवरच्या हवेत जो काही दोष आहे, त्यातला निम्म्याहून जास्त या दोन वाक्यांत आहे. मशीन बहुतेक ठिकाणी ठीक असतं. आकडा मात्र विचारणाऱ्याकडेही नसतो आणि सांगणाऱ्याकडेही नसतो.

सेवा म्हणून बघितलं तर ही फार मोलाची सोय आहे. तेल कंपन्यांनी पंपचालकांना जे नियम घालून दिलेत, त्यांत पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार पेटी यांच्याबरोबर मोफत हवाही येते. म्हणजे हवा हा पंपमालकाचा उपकार नाही, आणि तिचे पैसे मागता येत नाहीत. उन्हात वाकून चार चाकं करणाऱ्या पोराला कुणी आपखुशीने दहा रुपये दिले तर चांगलंच आहे, आमच्या मते द्यावेतच. पण पैसे मागून घेणं, किंवा मशीन चालू असताना "बंद आहे" म्हणून परत पाठवणं, हे चुकीचं. अशा वेळी हुज्जत घालण्यात वेळ जातो. ऑफिसात जाऊन तक्रार वही मागावी. ती पंपावर असावीच लागते. विक्री अधिकाऱ्याचा आणि कंपनीचा नंबर पंपावरच्या फलकावर लिहिलेला असतो, तिथे फोन केला तरी चालतो. बंद मशीनबद्दल तर नक्की लिहावं, कारण कुणी लिहिलंच नाही तर दुरुस्तीला कुणाला घाई नसते.

आता आकड्याचं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की मधल्या खांबावर, सीटबेल्ट जिथून निघतो त्याच्या खाली, एक स्टिकर असतं. काही गाड्यांत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतं. त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगवेगळे छापलेले असतात, आणि बहुतेक गाड्यांत दोन रकानेही असतात: दोन-तीन माणसांसाठी एक, आणि गाडी माणसा-सामानाने भरलेली असेल तर दुसरा. लहान हॅचबॅकपासून मध्यम एसयूव्हीपर्यंत हे आकडे साधारण 29 ते 36 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) या पट्ट्यात येतात. भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांना त्याहून जास्त सांगितलेलं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात कासला फुलं बघायला पाच माणसं आणि डबे घेऊन निघालेली गाडी दुसऱ्या रकान्यात बसते, पहिल्यात नाही. हा रकाना वाचून मागच्या चाकांत हवा वाढवलेली गाडी क्वचितच दिसते.

स्टिकरवर कधी केपीए, कधी बार, कधी किलो असं लिहिलेलं असतं आणि पंपावरचं मशीन पीएसआयमध्ये बोलतं, तिथे घोळ होतो. 1 बार म्हणजे 14.5 पीएसआय, 100 केपीए म्हणजेही तेवढेच, आणि किलो म्हणतात ते 14.2. पाठ करायचं तर एवढं पुरे: 210 म्हणजे 30, 220 म्हणजे 32, 230 म्हणजे 33, 250 म्हणजे 36. हा आकडा मोबाईलमध्ये गाडीच्या फोटोसकट ठेवला की पंपावर दार उघडून वाकावं लागत नाही.

टायरच्या बाजूवर जो मोठा आकडा कोरलेला असतो, 44 किंवा 51 पीएसआय, तो भरायचा आकडा नव्हे. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या चार गाड्यांना बसतो. त्या प्रत्येकीला हवा किती लागते, हे टायर बनवणारा सांगू शकत नाही, गाडी बनवणारा सांगतो. "टायरवर 44 लिहिलंय, मग 40 मारायला काय हरकत" हा हिशोब म्हणूनच फसतो. जास्त हवेने टायर मधे फुगतो, रस्त्याला कमी टेकतो, मधली नक्षी आधी झिजते आणि पावसात ब्रेक मारल्यावर गाडी जास्त घसरत जाते. कमी हवेने उलट होतं. दोन्ही कडा झिजतात, बाजूची भिंत दर फेऱ्याला जास्त वाकते आणि त्या वाकण्याने टायर आतून तापतो. महामार्गावर तासाला शंभरच्या वेगाने टायर फुटतात, त्यामागे बहुतेक वेळा हे तापणं असतं. म्हणून "उन्हाळा आहे, दोन कमीच मार" हा सल्ला सरळ उलटा आहे. हवा कमी असेल तर टायर जास्त तापतो. उन्हाळ्यालाही आकडा स्टिकरचाच.

अ‍ॅव्हरेजसाठी चाळीस मारणाऱ्यांसाठी एक हिशोब सांगतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजाप्रमाणे चारही टायरमधली हवा सरासरी 1 पीएसआयने कमी झाली की गाडीचं अ‍ॅव्हरेज साधारण 0.2 टक्क्याने घटतं. म्हणजे पाच पीएसआय कमी असले तर एक टक्का. लिटरला वीस किलोमीटर देणाऱ्या गाडीला हा फरक दोनशे मीटरचा पडतो. हवा योग्य ठेवण्याचं खरं कारण टायरचं आयुष्य आणि ब्रेक हे आहे. पेट्रोलची बचत त्यामागून येते.

पंपावरच्या हवेची खरी मेख तापमानात आहे, आणि साताऱ्याच्या भूगोलात ती जास्तच बोचते. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिलेली, किंवा सुरू करून सावकाश दीड-दोन किलोमीटरच चाललेली. तापमान 10 अंश सेल्सियसने वाढलं की 33 पीएसआयच्या टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. पुण्याहून खंबाटकी चढून आलेल्या गाडीचा टायर थंड आकड्यापेक्षा चार ते सहा पीएसआय जास्त दाखवतो. कासवरून यवतेश्वरचा घाट उतरून आलेल्या गाडीत पुढच्या ब्रेकची उष्णता रिममधून टायरपर्यंत पोचलेली असते, त्यामुळे पुढच्या चाकांचा आकडा मागच्यांपेक्षा फुगलेला दिसू शकतो.

आता अशी गाडी स्वयंचलित मशीनवर लावली आणि मशीनवर 33 ठेवलं, तर काय होईल? ही मशीनं फक्त हवा भरत नाहीत. आत आकडा जास्त दिसला तर सोडतातही. टायर 38 दाखवतो, मशीन शांतपणे पाच पीएसआय सोडून देतं, 33 वर येऊन पीप करतं, आणि चालक समाधानाने घरी जातो. रात्री टायर थंड झाला की आत उरतात 28. सकाळी गाडी ऑफिसला जाते ती पाच पीएसआय कमी हवेने, आणि पुढचे पंधरा दिवस तशीच फिरते. हवा तपासून घेतलेली गाडीच कमी हवेची निघते, हे वाचायला विचित्र वाटेल, पण याचं कारण हेच.

म्हणून महामार्गावरून येताना गरम टायरमधली हवा सोडायची नाही, सोडू द्यायची नाही. गरम टायरवर हवा बघायचीच असेल तर मशीनचा आकडा स्टिकरपेक्षा चार पीएसआय वर ठेवावा. स्टिकर 33 असेल तर 37. गाडी थांबवल्याबरोबर चाकं 37-38 दाखवत असतील तर काहीच करायचं नाही, हवा बरोबर आहे. 33 दाखवत असतील तर ती कमी आहे, 37 पर्यंत भरावी. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर एकदा खात्री करावी.

सगळ्यात चांगली वेळ सकाळची. गोडोली, शाहूपुरी, सदर बझार, करंजे, कुठूनही निघालं तरी जवळच पंप सापडतो, एवढं शहर लहान आहे. पोवई नाक्याच्या गर्दीच्या वेळेआधी गेलं तर मशीनपाशी रांग नसते. सकाळची एकच अडचण: कॉम्प्रेसर नुकताच चालू केलेला असेल तर टाकीत दाब कमी असतो. अशा वेळी मशीन लावल्यावर आकडा 31 वर अडकतो, पुढे सरकत नाही, किंवा एका चाकाला दोन-तीन मिनिटं घेतं. मशीन बिघडलंय असं समजून निघून जाऊ नये. टाकी भरून कॉम्प्रेसरचा घरघराट थांबेपर्यंत थांबावं. मोटारीच्या साध्या टायरला दाब आणि प्रवाह पुरेसे असतील तर 28 वरून 33 वर जायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. हिशोब सोपा आहे: 15 इंची टायरच्या पोटात साधारण तीस लिटर जागा असते आणि दर पीएसआयला बाहेरची दोन लिटर हवा आत ढकलावी लागते. पाच पीएसआयला दहा लिटर. एवढ्याला चांगल्या कॉम्प्रेसरला फार वेळ लागत नाही.

मशीन कसं वापरतात

डिजिटल मशीनवर लाल आकडे असतात आणि अधिक-उण्याची बटणं. त्यावर जो आकडा आधीपासून दिसतो तो मागच्या गिऱ्हाईकाचा असतो. तो कुणाचा होता ते सांगता येत नाही. मोटरसायकलचे 28 असतील किंवा पिकअपचे 60. पाइप लावायच्या आधी तो बदलला गेला का, हे बघणं आपलं काम. पोरगा चार गाड्यांमागे धावत असतो.

मग व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात ठेवावी. जमिनीवर ठेवलेली टोपी हरवते आणि टोपी नसलेल्या व्हॉल्व्हमध्ये चिखल जातो. चक, म्हणजे पाइपच्या टोकाचं तोंड, व्हॉल्व्हवर सरळ दाबला की अर्धा सेकंद फुस्स आवाज येतो आणि थांबतो. आवाज चालूच राहिला तर चक तिरका बसलाय किंवा त्यातलं रबर झिजलंय. काढून पुन्हा लावावा. चक बसला की मशीनवर एक आकडा उमटतो, दोन-तीन सेकंदच. तो टायरमधला आत्ताचा दाब. पुढे मशीन थोडी हवा भरतं, थांबतं, मोजतं, पुन्हा भरतं, अशा झटक्यांनी चढत जातं आणि ठरवलेल्या आकड्यावर पीप वाजवतं.

लोक पीप ऐकतात. ऐकण्यापेक्षा बघण्याची गोष्ट तो पहिला आकडा आहे. चार चाकांचे चार पहिले आकडे लक्षात ठेवले की टायरांची पूर्ण प्रकृती कळते. 31, 31, 30, 31 आले तर सगळं ठीक. टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय हवा रबरातून झिरपतेच. पण 31, 30, 31 आणि 25 आले, तर त्या चौथ्या चाकात काहीतरी आहे, आणि त्यात नुसती हवा भरून निघणं म्हणजे पंक्चर पुढे ढकलणं. ही गोष्ट पंपावरच्या माणसाने सांगायला हवी, पण तो सांगतोच असं नाही. डिकीकडे उभं राहून मोबाईल बघण्याऐवजी मशीनसमोर उभं राहावं, ते याचसाठी.

टायर पूर्ण बसलेला असेल तर मशीनला आत दाबच सापडत नाही आणि ते सुरूच होत नाही. बऱ्याच मशीनांवर त्यासाठी वेगळं बटण असतं. ते दाबलं की मशीन न मोजता थोडी हवा ढकलून मग मोजायला लागतं. पण बसलेल्या टायरवर गाडी काही अंतर चालवली असेल तर आधी टायर उतरवून आतून बघितला पाहिजे. बाजूची भिंत रिम आणि रस्त्यामध्ये चिरडली गेली की आतले धागे तुटतात, आणि वरून टायर धडधाकट दिसतो.

शहरातल्या काही जुन्या पंपांवर आणि जवळपास सगळ्या पंक्चरवाल्यांकडे अजून हातातली गन आणि तिच्यावर गोल काट्याचं मीटर असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त वाचायची पद्धत समजून घ्यावी लागते. ट्रिगर दाबलेला असताना काटा पाइपमधला दाब दाखवतो, टायरमधला नाही. ट्रिगर सोडून काटा स्थिर झाल्यावर जो आकडा येतो तो खरा. घाईत असलेला माणूस ट्रिगर दाबलेलाच ठेवून 35 दिसले की काढतो, तेव्हा आत 30-31 च असतात. दुसरी गोष्ट: गन कुठेही न लावता काटा शून्यावर आहे का बघावं. शून्याऐवजी 3 वर टेकलेला काटा सगळे आकडे तीनने वाढवून सांगत असण्याची शक्यता मोठी आहे. अशी मीटरं आपटून आपटून बिघडतात. पाइप ओढताना गन काँक्रीटवर पडते, दिवसातून दहा वेळा.

मशीनवर विश्वास ठेवावा का, याचं उत्तर स्वतःच्या खिशात असावं. साधं हातातलं टायर गेज काही शे रुपयांत मिळतं. घरी सकाळी थंड टायरवर आकडा घ्यावा, लगेच जवळच्या पंपावर जाऊन मशीनचा पहिला आकडा बघावा. एका पीएसआयचा फरक चालतो. दोन-तीनचा फरक असेल तर त्याच चाकावर दोन्ही पुन्हा लावून बघावीत. तोच फरक पुन्हा आला तर एक पक्कं कळतं: या पंपावर इतके कमी-जास्त धरायचे. स्वतःचं गेजही चुकू शकतं, म्हणून दोन वेगवेगळ्या पंपांवर ताडून बघावं. तिघांपैकी जे दोन जुळतात त्यांच्यावर भरवसा ठेवावा.

हवेतलं पाणी

हा विषय साताऱ्यात पावसाळ्यात जास्त महत्त्वाचा. दमट हवा कॉम्प्रेसरमध्ये दाबली की तिच्यातलं पाणी टाकीच्या तळाशी साठतं. टाकीखाली एक छोटा कॉक असतो, तो रोज उघडून पाणी काढायचं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये ते काढलं नाही तर पाणी पाइपातून थेट टायरमध्ये जातं. रिमला आतून गंज चढतो, व्हॉल्व्हची पिन खराब होते, दाब तापमानाबरोबर जास्त हलतो, आणि गाडीत टायरच्या आत बसवलेला दाबाचा सेन्सर असेल तर त्यालाही ते मानवत नाही.

तपासायचं कसं? चकच्या मधली दांडी किल्लीच्या टोकाने क्षणभर दाबून हवेचा झोत कागदावर किंवा सुक्या फडक्यावर घ्यावा, तोंड बाजूला ठेवून. कोरडा राहिला तर हवा कोरडी. बारीक थेंब उमटले तर त्या दिवशी तिथे भरू नये, आणि पंपाच्या व्यवस्थापकाला सांगावं. नम्रपणे सांगितलं तर बरेच जण लगेच कॉक उघडतात. पिवळसर डाग उमटला तर कॉम्प्रेसरचं तेल हवेत येतंय. ते रबराला आणखी वाईट.

कोणत्या प्रकारची जागा कशाला चांगली

राष्ट्रीय महामार्ग 48 वरचे मोठे पंप, शिरवळ-सुरूरपासून खाली उंब्रज-कराडपर्यंत, मशीन आणि जागा या दोन्ही बाबतींत सहसा पुढे असतात. गाडी वळवायला जागा, डिजिटल मशीन, लांब पाइप, रात्रीही माणूस. पण तिथे पोचणारी जवळपास प्रत्येक गाडी गरम टायरची असते, आणि वर सांगितलेला हवा सोडण्याचा घोळ तिथेच सगळ्यात जास्त होतो. लांबच्या प्रवासाला निघताना हवा घरून निघाल्यावर शहरातच भरावी. महामार्गावरचा पंप शंका आली तर बघण्यासाठी. ट्रकच्या लाइनवर मोटार लावू नये. ट्रकच्या टायरला शंभराच्या वर पीएसआय लागतात, तिथला माणूस त्या अंदाजाने हात चालवतो.

शहरातले पंप थंड टायरसाठी उत्तम, कारण ते जवळ आहेत. अडचण जागेची. मशीन अनेकदा भिंतीला टेकून असतं, पाइप दूरच्या बाजूच्या मागच्या चाकापर्यंत पोचत नाही आणि गाडी पुढे-मागे घ्यावी लागते. त्या आळसात "मागची ठीक आहेत" म्हणून दोनच चाकं होतात. चारही करून घ्यावीत. गर्दीत संध्याकाळी सहा-सातला हे शक्य होत नाही, म्हणून पुन्हा सकाळच.

कोरेगाव, रहिमतपूर, वडूजच्या बाजूच्या लहान गावांत भारनियमन किंवा बंद मोटार यांमुळे मशीन कधी चालू कधी बंद असतं, तिथे पंक्चरवाला हा जास्त भरवशाचा. त्याचं मीटर जुनं असेल, पण हात तयार असतो, आणि पहिल्या आकड्यावरून चाकात खिळा आहे हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की या रस्त्यांवर ट्रॉल्यांचे नटबोल्ट, तारांचे तुकडे आणि बैलांच्या पत्रीचे, म्हणजे खुरांना ठोकलेल्या नालांचे, खिळे पडलेले असतात. पत्रीचा खिळा बारीक आणि टोकदार असतो, ट्युबलेस टायरमध्ये घुसून तसाच बसतो आणि हळूहळू हवा सोडत राहतो. गाडी पंधरा दिवस नीट चालते, फक्त एकच चाक पुन्हापुन्हा कमी दिसतं. हंगामात हवा दर आठवड्याला बघावी, ती याचसाठी.

घरचा बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर हा चौथा पर्याय. गाडीच्या सॉकेटवर चालतो, 28 वरून 33 ला दोन-तीन मिनिटं घेतो, आवाज मोठा करतो. पण टायर पूर्ण थंड असताना, अंगणात, स्वतःच्या गेजने भरायला याच्याइतकं अचूक काही नाही. ज्याला पंपावर दर पंधरा दिवसांनी जाणं होत नाही त्याने हा घ्यावा. आठ-दहा मिनिटं सलग चालवला की तो तापतो, थोडा थांबवावा लागतो.

एकाच चाकाची हवा का जाते

खिळा दिसला नाही तर आधी व्हॉल्व्ह बघावा. टोपी काढून आतल्या पिनवर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडावा. बुडबुडा फुगला तर पिन सैल आहे किंवा तिचं रबर गेलंय. पिनची छोटी किल्ली पंक्चरवाल्याकडे असते, पाव फेरा आवळला की बरेचदा गळती थांबते. न थांबली तर पिन बदलावी, ती अगदी स्वस्त असते. मग रबरी व्हॉल्व्हच्या मुळाशी, जिथे तो रिममधून बाहेर येतो, तिथे बोटाने हलकेच वाकवून बघावं. बारीक चिरा दिसल्या किंवा बुडबुडे आले तर पूर्ण व्हॉल्व्ह बदलायचा. नवीन टायर टाकताना जुना व्हॉल्व्ह तसाच ठेवणं ही खोटी काटकसर आहे. पाच हजारांच्या टायरला पन्नास रुपयांसाठी गळती लागते. तिसरी जागा रिमची कड. जुन्या लोखंडी रिमला गंज चढला किंवा खड्ड्यात अलॉय वाकलं की टायर तिथे घट्ट बसत नाही. हे चाक उतरवून, कड घासून, पुन्हा बसवूनच सुटतं.

खिळा नक्षीच्या भागात असेल तर दुरुस्ती होते. बाहेरून ठोकलेली चिकट पट्टी चालते, पण लांब महामार्गाच्या गाडीला आतून लावलेला छत्रीसारखा पॅच जास्त टिकाऊ. बाजूच्या भिंतीतला खिळा दुरुस्त करायचाच नाही, टायर बदलायचा.

नायट्रोजनबद्दल विचारणा खूप होते. साधी हवा 78 टक्के नायट्रोजनच असते. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने टायर 30 पीएसआयला भरून वर्षभर उभे ठेवून बघितले होते: साध्या हवेचे सरासरी 3.5 पीएसआयने उतरले, नायट्रोजनचे 2.2 ने. फरक आहे, पण वर्षाला सव्वा पीएसआय. कोरडा असतो हा त्याचा खरा फायदा. हिरवी टोपी लावून पैसे घेणाऱ्याकडे जायलाच हवं असं आमच्या मते अजिबात नाही. दर पंधरा दिवसांनी पंपावरची कोरडी हवा पुरते. आधी नायट्रोजन असेल आणि वाटेत साधी हवा भरावी लागली तरी काही बिघडत नाही.

घाटांच्या उंचीची काळजी मात्र सोडून द्यावी. सातारा साधारण सातशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून गेज साधारण एक पीएसआय जास्त दाखवतं. पण वर थंडीही असते, ती जवळजवळ तेवढंच कमी करते. कुंभार्ली उतरून चिपळूणला गेलं तर हेच उलट होतं, कोकणची उष्णता ते भरून काढते. घाटासाठी हवा बदलायची गरज नाही.

स्टेपनी कुणी विचारत नाही. पंपावर पाचव्या चाकाची हवा मागितली की पोरगा थोडा थबकतो, पण करतो. पूर्ण मापाची स्टेपनी असेल तर स्टिकरवरच्या सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत भरून ठेवावी. लावताना जास्तीची हवा सोडता येते, रस्त्यात कमी असलेली भरता येत नाही. डिकीत पातळ, लहान चाक असेल तर त्याला बहुतेक 60 पीएसआय लागतात आणि वेगाची मर्यादा 80 किलोमीटर असते, दोन्ही आकडे त्याच्यावरच छापलेले असतात. मशीनवर 33 ठेवूनच हे चाक भरलं तर रात्री बदलायची वेळ आल्यावर ते बसलेलं निघतं. काही सात आसनी गाड्यांत स्टेपनी बुडाखाली टांगलेली असते आणि तिचा व्हॉल्व्ह वरच्या बाजूला, म्हणजे खाली उतरवल्याशिवाय हवा भरता येत नाही. तिच्यासाठी पंपाऐवजी पंक्चरवाल्याकडे जावं, आणि सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉबकार्डवर स्टेपनीची हवा लिहून घ्यावी.

ज्या गाडीत डॅशबोर्डवर हवेचा दिवा आहे, तिच्याबद्दल एक शेवटची गोष्ट. हा दिवा साधारणपणे दाब चतुर्थांशाने उतरल्यावर लागतो. 33 च्या गाडीत 25 पर्यंत तो गप्प राहू शकतो. आणि ज्या गाड्यांत टायरमध्ये सेन्सर नसून चाकांच्या फिरण्यावरून अंदाज घेतला जातो, त्यांत चारही चाकं बरोबर भरून झाल्यावर रीसेटचं बटण दाबून नवा आकडा शिकवावा लागतो. पंपावरून निघण्याआधीच ते करावं, टोप्या चारही लागल्यात हे बघून.